तीन पावसाळे

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा जेथे एकमेकींत गुंतून जातात, त्या डोंगराळ मुलुखाला मेळघाट म्हणतात. नाव मोठे सार्थ आहे. घाटांचा तेथे खरोखरच मेळा भरलेला दिसतो. परतवाडा मागे पडले, की रस्ता वळणे घेत चढू लागतो. सागाची उंच झाडे दोन्ही अंगांनी जवळ येतात, मध्येच दरी उघडते आणि तिच्या तळाशी सिपना नदीचे पाणी क्षणभर चमकून जाते. कोरकू भाषेत ‘सिपना’ म्हणजे साग. देशात १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटचे अरण्य होते. या अरण्याच्या आश्रयाने कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांची भाषा मराठीची बहीण नव्हे. तिचे नाते दूर पूर्वेकडच्या संथाळी आणि मुंडारी या भाषांशी आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. स्वतःची ओळख इतक्या साध्या शब्दाने करून देणारे हे लोक वागण्याबोलण्यातही तितकेच साधे आहेत.

अमरावतीच्या एका डॉक्टरांना दिवाळीच्या सुमारास अशाच एका गावी तीन आठवड्यांसाठी आरोग्यतपासणीचे काम करावयाचे होते. गाव वाघांच्या राखीव क्षेत्राबाहेर, परंतु जंगलाला अगदी लागून वसलेले होते. शाळेला सुट्टी असल्यामुळे त्यांनी पत्नीला आणि दोन्ही मुलांना सोबत नेले. मुलगी सातवीत होती, मुलगा पाचवीत. गावाच्या टोकाला असलेले दोन खोल्यांचे रिकामे घर त्यांना राहावयास मिळाले.

गावाची रचना पाहून मुलांना नवल वाटले. समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी आणि त्यांच्यामध्ये शेणाने सारवलेला रुंद, स्वच्छ रस्ता. घरांच्या भिंती विटांच्या नव्हत्या. बांबूच्या पट्ट्यांचे विणलेले तट्टे उभे करून त्यांवर मातीचा गिलावा दिलेला होता. पहिल्या दोन दिवसांत मुलगा कंटाळला. तेव्हा आईने त्याला एक खेळ सुचविला. “शेजारच्या घरात बांबूच्या किती वस्तू आहेत, त्या मोजून ये पाहू.” तो वही घेऊन गेला आणि तासाभराने परतला, तेव्हा वहीचे पान भरले होते. सूप, टोपली, परडी, कोंबड्यांची पिले झाकावयाचे डालगे, भाकरी ठेवावयाची दुरडी, मासे धरावयाची निमुळत्या तोंडाची टोपली, शिडी, बासरी, छपराच्या कामट्या, कुंपण, म्हाताऱ्याची काठी. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब भाजी म्हणून ताटातही येतात, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. तेही त्याने यादीच्या शेवटी लिहून टाकले.

ज्या घरात ही मोजणी झाली, त्या घरात एक वृद्ध जोडपे राहत होते. मुले त्यांना आजोबा आणि आजी म्हणू लागली. मराठी ते मोडकेतोडकेच बोलत आणि अडले तेथे हिंदीचा आधार घेत. पण त्यांच्या प्रेमळ स्वभावामुळे बोलण्यावाचून कोणाचे अडले नाही. मुलांच्या आईची आणि आजींची पहिली ओळख पत्रावळींनी झाली. आजींजवळ पळसाच्या पानांचा ढीग पडलेला असे. बांबूची सुईसारखी बारीक काडी पानात खुपसावयाची, दुसऱ्या पानातून वर काढावयाची आणि उरलेला भाग मोडून टाकावयाचा. पाहताना हे काम सोपे वाटले. आईने पहिली पत्रावळ लावली आणि उचलताच तिची पाने सुटून खाली पडली. आजी हसल्या. त्यांनी आईचे बोट धरून पानाच्या शिरेवरून फिरविले. काडी शिरेला अडकली पाहिजे; नुसत्या पानात घातली तर पान फाटते, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. आठवडा संपला तेव्हा आईच्या पत्रावळी सुटेनाशा झाल्या. मात्र आईची एक पत्रावळ लावून होईपर्यंत आजींच्या चार होत.

आजोबांच्या मागे निराळीच घाई होती. शेतातील कोदो कापणीला आला होता, पाठोपाठ ज्वारी यावयाची होती. घरातली धान्याची जुनी कणगी उंदरांनी कुरतडून टाकली होती. नवी कणगी विणणे भाग होते, आणि आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. उजेड आणि सावली एवढाच भेद त्यांना नीट कळत असे. नातू एकोणीस वर्षांचा होता. परंतु तो रस्त्याच्या कामावर मजुरीसाठी दूर गेलेला होता.

डॉक्टरांनी आजोबांचे डोळे तपासले आणि म्हटले, “बाबा, यावर इलाज आहे. छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल. माझ्याबरोबर चला, जिल्ह्याच्या रुग्णालयात सगळी व्यवस्था होईल.”

“येईन, साहेब,” आजोबा म्हणाले, “पण आधी कणगी होऊ द्या. धान्य उघड्यावर ठेवून माणूस कुठे जाईल?”

“कणगी विणावयाला तरी डोळे हवेतच ना?”

आजोबांनी आपले दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोके कामाने कठीण झाली होती. “विणावयाला हे पुरतात,” ते म्हणाले. “बेटातला बांबू निवडावयाला मात्र डोळे लागतात.”

त्या रात्री डॉक्टरांनी मुलांना बांबूची हकीकत सांगितली. बांबू इतका उंच वाढतो, तरी तो झाड नव्हे. तो गवताच्या कुळातला आहे. पहिल्या पावसाबरोबर त्याचा कोंब जमिनीतून वर येतो आणि एका पावसाळ्यातच पुरी उंची गाठतो. त्यानंतर तो कधी उंचही होत नाही आणि जाडही होत नाही. मेळघाटात वाढणाऱ्या भरीव जातीच्या बांबूला मानवेल म्हणतात. कित्येक दशकांतून एकदा त्याला फुलोरा येतो, बी धरते आणि मग ते बेट वाळून जाते. गंमत अशी, की १९२७ च्या वन कायद्याने या गवताची गणना वृक्षांत केली होती. त्यामुळे स्वतःच्या शेतात लावलेला बांबू तोडण्याच्या व विकण्याच्या वाटेतही वनकायद्याचे नियम येत. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातील बांबूची गणना मध, मोहफुले, तेंदूपाने यांच्या बरोबरीने गौण वनोपजात केली. आणि २०१७ साली शेतातला बांबू वृक्षांच्या यादीतून वगळण्यात आला. गवताला गवत म्हणावयाला नव्वद वर्षे लागली, हे ऐकून मुलगा पोट धरून हसला.

आजोबांच्या शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, मानवेलाचे एक जुने बेट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा दोन्ही मुलांना घेऊन तेथे गेले. पहिले चार बांबू त्यांनी स्वतः चाचपडून निवडले आणि कोयत्याने तोडले. मग ते थकून सावलीत बसले आणि मुलीला म्हणाले, “आता एक तू पाहा, पोरी. चांगला पाहा.”

मुलीने बेटाभोवती फेरी मारली. बाहेरच्या कडेला एक सरळ, तजेलदार हिरवा बांबू उभा होता. त्याच्या अंगावर कोठे डाग नव्हता. उलट पिठासारखी पांढरी झाक होती. त्याच्याजवळचे इतर बांबू फिक्या, मळकट रंगाचे आणि ठिपक्याठिपक्यांचे दिसत होते. तिने तो हिरवा बांबूच पसंत केला. कोयता त्यात लोण्यात जावा तसा गेला. दोघा भावंडांनी तो ओढत आजोबांसमोर आणून ठेवला.

आजोबांनी त्यावरून हात फिरविला. हात एका पेरावर आला आणि थांबला. बोटांना पांढरी भुकटी लागली होती. पेराशी चिकटलेले कोरडे खोळीसारखे पान त्यांनी अलगद सोलून काढले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“हा तर अजून बाळ आहे,” ते शेवटी म्हणाले. “या पावसाळ्यातच जन्मला आहे.”

मुलीचा चेहरा उतरला. “मला तोच सगळ्यांत चांगला वाटला, आजोबा.”

“चांगला आहेच. म्हणून तर ठेवावयाचा असतो. पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब येतात, त्यांना अन्न कोण देणार? हेच देणार ना! तीन पावसाळे पाहिलेला बांबू तोडावा. त्याचे देऊन झालेले असते.” मग तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “असू दे. तोडला तो तोडला. त्याला वाया घालवावयाचा नाही. तू याचीच टोपली वीण.”

अंगणात काम सुरू झाले. बांबू हव्या त्या लांबीचा तोडून आजोबा कोयत्याच्या पात्याने त्याची दोन शकले करीत, दोनांची चार, चारांची आठ. मग प्रत्येक पट्टीची हिरवी पाठ आतल्या फिक्या गाभ्यापासून वेगळी काढीत. बळ या पाठीत असते; गाभा ठिसूळ. चीर सरळ जाणे, हे यातले खरे कौशल्य. मुलीच्या हातून चीर एका अंगाला सरके आणि पट्टी टोकाला निमुळती होऊन तुटे. आजोबांनी तिला युक्ती दाखविली. चीर ज्या अंगाला सरकते, तो भाग पातळ होतो. अशा वेळी दुसरा, जाड भाग वाकवावा, म्हणजे चीर पुन्हा मध्यावर येते. आजोबांना चीर दिसत नव्हती, पण ती कोणीकडे वळली आहे हे त्यांना तिच्या आवाजावरून आणि अंगठ्याला जाणवणाऱ्या ताणावरून कळत असे.

पट्ट्या ओढ्याच्या पाण्यात भिजवून मऊ केल्यावर विणकाम सुरू झाले. मुलीने सोळा उभ्या पट्ट्या चांदणीसारख्या रचून तळ बांधला आणि आडवी पट्टी एकीवरून, दुसरीखालून अशी फिरवू लागली. पहिला फेरा छान झाला. दुसऱ्या फेऱ्यात मात्र पट्टी पुन्हा पहिल्यासारखीच, जेथे वरून गेली होती तेथे वरूनच जाऊ लागली. विणीला पकड येईना. मुलगा जवळ बसून पाहत होता. तो एकाएकी ओरडला, “ताई, सोळा ही समसंख्या आहे! सम असेल तर प्रत्येक फेरा सारखाच येणार. विषम पाहिजे!”

आजोबांना सम-विषम हे शब्द ठाऊक नव्हते. पण त्यांनी हसून सोळांपैकी एक पट्टी मधोमध चिरली आणि तिच्या दोन केल्या. आता सतरा झाल्या. पट्टी जेथे वरून गेली होती, तेथे पुढच्या फेऱ्यात खालून गेली आणि वीण घट्ट बसली. शाळेत गणिताच्या तासाला शिकलेली गोष्ट या अंगणात कितीतरी आधीपासून नांदत होती; तिला येथे कोणी नाव दिले नव्हते, इतकेच.

टोपली संध्याकाळपर्यंत पुरी झाली. थोडी वाकडी, पण टोपलीच. मुलीने ती मोठ्या अभिमानाने खुंटीला टांगली. चौथ्या दिवशी तिने ती खाली घेतली, तेव्हा पट्ट्या आक्रसल्या होत्या, विणीत बोट जाईल अशा फटी पडल्या होत्या आणि काठ सैल होऊन फिरत होता. त्याच दिवशी आजोबांनी विणलेली परडी मात्र जशीच्या तशी ताठ होती. कोवळ्या बांबूच्या अंगात पाणी फार. ते उडून गेले, की तो आक्रसतो. आजोबांनी हे शब्दांत सांगितलेही नाही. टोपली समोर होती आणि ती सांगत होती.

मुलगी ती टोपली घेऊन आजोबांकडे गेली. “मला बांबूचे वय ओळखावयाला शिकवा,” ती म्हणाली.

आजोबा विचारात पडले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. “मला कोणी शिकवले नाही,” ते म्हणाले. “बापाच्या मागे बेटात फिरलो. फिरता फिरता कळले.”

“मग आपणही फिरू या.”

पुढचे तीन दिवस दोघे बेटात फिरली. मुलगी एकेका बांबूला हात लावी आणि तो कसा दिसतो ते आजोबांना सांगे. आजोबा त्यावर बोटे फिरवीत, कोयत्याच्या पाठीने टिचकी मारीत आणि त्याचे वय सांगत. मुलगी वहीत लिहून घेई. पहिल्या वर्षाचा बांबू गर्द हिरवा असतो. अंगावर पांढरी भुकटी, पेराशी कोरड्या खोळी. दुसऱ्या वर्षी खोळी गळून पडतात आणि भुकटी पुसट होते. तिसऱ्या वर्षानंतर रंग फिका होतो, अंगावर दगडफुलासारखे ठिपके येतात आणि टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो. बांबू पाऊस संपल्यावर तोडावा, पावसाळ्यात कधीही तोडू नये. तोडताना जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर तोडावा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. बेटातले सगळे जून बांबूही एकदम तोडू नयेत. काही ठेवावेत, नाहीतर वाऱ्यात कोवळ्यांना आधार उरत नाही. वहीची चार पाने भरली. आपल्याला इतके ठाऊक आहे, याचे स्वतः आजोबांनाच नवल वाटत होते.

दिवाळी संपता संपता नातू घरी आला. कणगी तोवर त्याच्या कमरेइतकी उंच झाली होती. त्याने येताच सांगितले, “आजोबा, बाजारात पत्र्याची कोठी मिळते. मी पैसे आणले आहेत. कशाला हे कष्ट?”

आजोबांनी वाद घातला नाही. मुलगी मात्र बोलून गेली, “दादा, तुम्ही आजोबांकडून हे शिकला का नाहीत?”

तो क्षणभर गप्प राहिला. “मी पहिलीपासून आश्रमशाळेत होतो,” तो म्हणाला. “घरी यावयाचो ते उन्हाळ्यात. बांबू तोडावयाचे ते दिवाळीनंतर. मला तर सगळे बांबू सारखेच दिसतात. कोणता तोडावा, हे कधी कळलेच नाही; आणि एवढा मोठा झाल्यावर विचारावयाची लाज वाटली.”

अंगणात शांतता पसरली. नातवाला कामाचा आळस आहे, असे आजोबांना इतकी वर्षे वाटत होते. आणि आजोबांना आपल्याला शिकवावयाचेच नाही, असे नातवाला. दोघांच्याही मनातले हे पहिल्यांदाच बाहेर आले होते. शाळेने नातवाला अक्षर दिले, ते मोलाचेच होते. पण बापाच्या मागे फिरण्याचे जे दिवस आजोबांना लाभले, ते त्याच्या वाट्याला आले नव्हते. यात दोष कोणाचाच नव्हता.

मुलगी उठली, तिने आपली वही आणली आणि नातवापुढे ठेवली. त्याने ती उघडून मोठ्याने वाचावयास सुरुवात केली. स्वतःचे ज्ञान असे नातवाच्या तोंडून ऐकताना आजोबा मान डोलावीत होते आणि मध्येच एखादी चूक दुरुस्त करीत होते.

कणगीचे उरलेले विणकाम नातवाने आजोबांच्या शेजारी बसून पुरे केले. मग घरातल्या सर्वांनी आणि डॉक्टरांच्या कुटुंबानेही शेण आणि माती कालवून तिला आतून-बाहेरून लिंपले. उंदीर वर चढू नयेत म्हणून ती दगडांच्या ओट्यावर ठेवली. लिंपण वाळून खडखडीत झाले आणि कोदोची पहिली पाटी आत ओतली गेली, तेव्हा आजींनी कणगीला हात जोडले.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाने एक कल्पना काढली. शाळेच्या खिडक्यांना देऊन उरलेला लाल तेलरंग एका डब्यात पडून होता. गुरुजींची परवानगी घेऊन तो डबा बेटात नेण्यात आला. नातवाने त्या वर्षी जन्मलेले बांबू शोधावयाचे, आजोबांनी हात लावून खात्री करावयाची आणि मुलांनी त्यावर लाल कडे काढावयाचे, असे ठरले. पुढच्या वर्षीच्या बांबूंना दुसरा रंग. वनखात्यातही बांबूच्या वयाच्या अशा खुणा करतात, असे डॉक्टरांनी सांगितले. नातवाने पहिल्या दोन वेळी चुकीचा बांबू दाखविला. तिसऱ्या वेळी तो बरोबर आला. त्यानंतर त्याची चूक एकदाच झाली. दुपारपर्यंत अकरा बांबूंवर लाल कडी उमटली. बारावा त्यांच्यात असता. त्याचा खुंट तेवढा उरला होता. मुलीने त्या खुंटालाही रंगाचे एक बोट लावले.

“खुणेची गरज नाही पडायची,” आजोबा नातवाला म्हणाले. “तीन पावसाळे बेटात येत राहिलास, तर तुझे तुलाच कळेल.”

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांबरोबर निघाले. जिल्ह्याच्या रुग्णालयात प्रथम एका डोळ्याची आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही सुखरूप पार पडल्या. पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली, तेव्हा त्यांनी सोबत आलेल्या नातवाचे दोन्ही हात ओढून डोळ्यांजवळ घेतले आणि ते उलटसुलट करून पाहिले. तळव्यांवर कोयत्याचे नवे घट्टे पडू लागले होते.

कारागिराचे ज्ञान बहुधा पुस्तकात नसते. ते त्याच्या बोटांत असते, आणि त्यामुळेच ते हरवले तरी लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही. घरातले सूप, दाराशी टांगलेली परडी, बाजारात मांडलेली टोपली हातात घेताना तिच्यामागे कोणीतरी तीन पावसाळे वाट पाहिली आहे, याची आठवण ठेवावी. आणि विणणारा भेटलाच, तर त्याला विचारावे. विचारले म्हणजे तो सांगतो. मेळघाटातल्या त्या बांधावर अकरा बांबू लाल कडी घालून उभे आहेत, आणि त्यांचे दिवस कोणीतरी मोजीत आहे.